घरात गॅस आहे का?

'गॅस' हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात दोनदा आला. आधी इंग्रजी 'गॅसलाइट'चं आपल्या तोंडी 'घासलेट' झालं आणि ते नाव रॉकेलला चिकटलं. मग टाकीतला गॅस आला. इंडियन ऑइलचा इंडेन १९६५ मध्ये कोलकात्यात सुरू झाला, खेड्यापाड्यात यायला मात्र कितीतरी वर्षं गेली.

आज शेगडीही गॅस आणि टाकीही गॅस. 'गॅस पुसून घे', 'गॅस बारीक कर', 'गॅस संपला'. तिन्हींचा अर्थ वेगळा, पण घरात कुणाचा गोंधळ होत नाही.

घोळ होतो कागदावर. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्या हिशोबात 'गॅस आहे' म्हणजे कनेक्शन आहे. घरातल्या बाईच्या हिशोबात 'गॅस आहे' म्हणजे टाकी भरलेली आहे. २०२४ मध्ये राज्याने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत द्यायचं ठरवलं, म्हणजे अडचण भरण्याच्या पैशाची आहे हे सरकारलाही कळलं.

आपल्या गंगापूर तालुक्यात गॅस असलेल्या घरामागेही पऱ्हाट्या-तुराट्या रचलेल्या दिसतात. त्या शोभेला नाहीत. म्हणून मंडळी, गॅस आहे का, एवढंच विचारू नका. शेवटची टाकी कधी भरली, ते विचारा.