दट्ट्याची कडी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. तिला ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन एंजिनांची नावे आपण अजून सांगतो. पण एंजिनाच्या पोटातील एका लहानशा जिनसेची आठवण सहसा कोणी काढीत नाही. ही जिन्नस म्हणजे दट्ट्याची कडी. आपले कारागीर तिला पिस्टन रिंग म्हणतात.

सिलिंडरात दट्ट्या घट्ट बसवला तर तो हलत नाही. सैल बसवला तर वाफ कडेने निसटते आणि कोळसा फुकट जळतो. जेम्स वॅटच्या काळी या फटीत चरबीत भिजवलेला दोर ठासून भरीत. संथ चालणाऱ्या यंत्राला तो पुरे. भरधाव एंजिनात त्याचा निभाव लागेना. १८५२ साली जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-अभियंत्याने साधा तोडगा काढला. धातूची कडी सिलिंडरापेक्षा किंचित मोठी करायची, एके ठिकाणी कापायची आणि दाबून दट्ट्याच्या खाचेत बसवायची. कडी स्वतःच्या ताणाने बाहेर रेटते आणि फट बुजवते. ठाण्यास गाडी गेली तेव्हा ही युक्ती जेमतेम वर्षाची होती!

पुढे प्रश्न उरला तो धातूचा. अखेर मान मिळाला बिडाला. बिडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ते घर्षण कमी करतात, तेलही धरून ठेवतात. तापल्यावरही बीड आपला ताण सहजी सोडत नाही. आणि झिजायचेच तर स्वस्त कडीने झिजावे, महागड्या सिलिंडराने नव्हे, हा त्यातला संसारी हिशेब. घरात पायपुसणे झिजते म्हणून गालिचा टिकतो, तसेच हे!

मोठ्या एंजिनाचा हा न्याय छोट्याला मात्र जसाच्या तसा लागू पडत नाही. वाफेवर चालणारे आगगाडीचे नमुने हौसेने घडवणाऱ्यांना हे लवकरच कळते. सिलिंडराचा व्यास निम्मा केला की दट्ट्यावरील वाफेचा जोर चौथाईवर येतो. पण कडीची रुंदी तीच ठेवली तर घर्षण निम्मेच होते. म्हणजे कडीच एंजिनाची ताकद खाऊन टाकते! शिवाय बीड ठिसूळ. इवलीशी कडी दट्ट्यावर चढवतानाच मोडते. छोटे सिलिंडर पुष्कळदा गनमेटलचे असतात; कठीण बिडाने तेच झिजू लागतात. म्हणून कोणी काशाची कडी घेतो, तर कोणी ग्रॅफाइट माखलेला दोर, म्हणजे वॅटचीच जुनी तऱ्हा! १९३८ साली अमेरिकेत सापडलेले टेफ्लॉनही आता वापरात आहे. ते फार गुळगुळीत आणि छोट्या बॉयलरमधील सुमारे १६० अंशांची वाफ सहज सोसणारे. पण तापले की लोखंडाच्या सुमारे दसपट फुगते. त्यासाठी आधीच मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर दट्ट्या जागीच अडकतो. सर्वगुणसंपन्न जावई जसा मिळत नाही, तशी कडीही नाही.

खंडाळ्याहून पुण्यास जाणारा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, तो चिंचवडवरूनच. १९३० साली डेक्कन क्वीन विजेवर धावू लागली आणि या मार्गावरील वाफेचा दिमाख ओसरला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. पुढे ती चाकणपर्यंत पोहोचली. जमशेदपुरास १९४५ साली आगगाडीची एंजिने बांधण्यासाठी निघालेली टेल्को १९६६ साली याच परिसरात आली. १९७० साली तिने वाफेची एंजिने बांधणे थांबवले. मालमोटारी मात्र चालू राहिल्या.

वाफ गेली, कडी राहिली. मालमोटार असो, स्कूटर असो, तिच्या एंजिनात दट्ट्याभोवती रॅम्सबॉटमचीच युक्ती दिवसरात्र राबते आहे. मोठ्या यंत्राचे नाव होते. झीज सोसून त्याला चालते ठेवणारी कडी अनामिकच राहते. घराघरांतही अशी माणसे असतात. दिवाळीच्या चार पणत्यांतली एक त्यांच्या नावाने लावायला काय हरकत आहे?