येळवशीची सुट्टी

१. येळवस : मार्गशीर्षातली दर्शवेळा अमावास्या. या आठवणीचा लेखक नांदेडच्या विष्णुपुरीतल्या विद्यापीठात शिकत होता. विद्यापीठाचा स्थापना दिन (१७ सप्टेंबर १९९४) मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच येतो, पण तेव्हा मुलं झेंडावंदन करून खोलीवर परततात. वसतिगृह खरं ओस पडतं ते येळवशीला. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लगतच्या भागात त्या दिवशी घरंच्या घरं शेतात असतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप घालून पांडवांची पूजा मांडतात; मग आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. ही भज्जी तळलेली नव्हे. हिरवे दाणे नि पालेभाज्या पीठ लावून शिजवलेल्या असतात, आणि ही भज्जी खाऊन दुपारी झाडाखाली झोपणं हाही विधीचाच भाग मानावा. लातूरचे जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी देतात. ती दिली नसती, तरी तिथे वर्ग भरला नसता. आदल्या दिवशी, चतुर्दशीला, लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची जत्रा सुरू होते. तेव्हा वडिलांनी लेखकाला लिहिलेल्या पत्रातला ‘दोन दिवस आधीच ये’ हा आग्रह पूजेपेक्षा तिथल्या घोड्यांच्या बाजारासाठी असावा.