एकच धर्म, दोन उलटे हुकूम: इराणच्या पाळण्याची गोष्ट

"अमक्या धर्मात पोरं जास्तच होतात" हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. असं सरसकट वाक्य ऐकलं की ते कुठे मोडतं, हे मला आधी बघावंसं वाटतं. हे मोडतं इराणमध्ये.

1979 ला तिथे क्रांती झाली. शाहच्या काळातला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम मागे पडला. मुलींच्या लग्नाचं कायदेशीर वय 9 वर आलं. 1980 मध्ये इराकशी युद्ध पेटलं आणि मोठी लोकसंख्या म्हणजे ताकद, असा सूर लागला. तेव्हा एका बाईमागे सरासरी सहाच्या वर मुलं होती.

1988 ला युद्ध थांबलं. तिजोरीत खडखडाट, शाळांत जागा नाही. मग 1989 मध्ये त्याच धर्मसत्तेने कुटुंबनियोजन पुन्हा सुरू केलं. धर्माचा आधारही होताच: अल-गझालींसारख्या जुन्या विद्वानांनी गर्भ टाळण्याची 'अझ्ल' ही पद्धत चालते असं म्हटलेलं. गावोगावच्या आरोग्यघरांत गोळ्या, निरोध फुकट मिळू लागले. नसबंदीलाही मुभा मिळाली. लग्नाआधी जोडप्याला त्याचा वर्ग सक्तीचा झाला. 1993 च्या कायद्याने चौथ्या मुलापासून सरकारी सवलती काढल्या. 2000 च्या सुमारास सरासरी दोनच्या आसपास आली!

म्हणजे सगळं फतव्यानेच झालं का? तसंही नाही. जन्मदर कार्यक्रमाच्या थोडा आधीपासूनच उतरू लागला होता. मुली शाळेत जात होत्या, लग्नं उशिरा होत होती. धर्मगुरूंच्या होकाराने वाट मोकळी झाली, पण त्या वाटेने जायचं बायकांनी आधीच ठरवलं होतं.

याचा पुरावा पुढे मिळतो. 2012 मध्ये खामेनींनी सूर बदलला, जास्त मुलं हवीत म्हणाले. 2021 च्या कायद्याने सरकारी दवाखान्यांतून साधनं फुकट वाटणं आणि नसबंदी बंद केली. तरी सरासरी दोनच्या खालीच राहिली.

मग या कायद्याने कोणाचं अडतं? पैसेवाली बाई गोळ्या विकत घेते. जिला आरोग्यघराशिवाय दुसरा दवाखानाच नाही, तिचं अडतं. म्हणून "त्यांचा धर्म काय सांगतो?" याआधी मला विचारावंसं वाटतं: तिच्या गावात गोळी मिळते का, आणि तिला विचारतं कोण?