बदलीच्या नोकरीत शिष्य घडत नाहीत

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत आणि चौफुल्याच्या दरम्यान असलेल्या भांडगावातल्या माणसाला डॉक्टर भेटतो. पण हृदय आकुंचन का पावते, मूत्रपिंड पाणी का राखून ठेवते, हे त्या डॉक्टरला पहिल्या वर्षी शिकवणारा शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक त्याला कधी भेटत नाही. या प्राध्यापकाकडे ना रुग्णांची रांग असते, ना दारावर नावाची पाटी. त्याचा इतिहासही फारसा कुणी लिहिलेला नाही. तो पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. महाराष्ट्रात या विषयाला बुद्धिमान माणसांची वाण कधी पडली नाही. वाण पडली ती एका जागी टिकून राहणाऱ्या शिक्षकांची. व्याख्यान कुणीही येऊन देऊ शकतो. संशोधनाची वाट दाखवणारा मार्गदर्शक मात्र एकाच प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसल्याशिवाय तयार होत नाही.

याचा पहिला पुरावा थेट ग्रँट मेडिकल कॉलेजात सापडतो. 1845 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कॉलेजातून 1851 मध्ये भाऊ दाजींसारखे पहिले पदवीधर बाहेर पडले. हेन्री व्हँडाइक कार्टर 1858 मध्ये सरकारी वैद्यक सेवेतून मुंबईत आले. लंडनमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रेच्या शरीररचनेवरील ग्रंथातली चित्रे त्यांच्याच हातची. ते ग्रँटमध्ये शरीररचना आणि शरीरक्रिया या दोन्ही विषयांचे प्राध्यापक झाले. एवढ्या तोलामोलाचा माणूस लाभूनही पुढे झाले काय? 1863 मध्ये त्यांची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून रवानगी झाली आणि 1872 पर्यंत ते तिथेच राहिले. सेवेचा शिरस्ताच तसा होता. अधिकारी हा आधी सरकारचा नोकर, मग शिक्षक. लष्कराला गरज भासली की तिकडे आणि जिल्ह्याला भासली की इकडे. प्राध्यापकाची खुर्ची हा नोकरीतला एक मुक्काम असे.

यावर आक्षेप येईल की बदल्या सोसूनही कार्टरांनी मोठे संशोधन केलेच. मदुरा पाय या रोगामागे बुरशी असल्याचे त्यांनी दाखवले आणि 1877 च्या साथीत मुंबईच्या तापकऱ्यांच्या रक्तात उलटून येणाऱ्या तापाचे मळसूत्री जंतू पाहिले. हे सगळे खरे आहे. पण त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक होता, समोर रोगी होते आणि रोगी साताऱ्यातही मिळत. एकट्या माणसाचे निरीक्षण बदलीतही चालू राहू शकते. विषयाची शाळा उभी करायला विद्यार्थी, उपकरणे आणि शिक्षक दीर्घकाळ एकत्र असावे लागतात. कार्टरांनी नाव कमावले, पण त्यांच्या मागे मुंबईत शरीरक्रियाशास्त्राची परंपरा उभी राहिली नाही.

एकत्र राहण्याची गरज का पडते, हे या विषयाच्या जुन्या प्रात्यक्षिकावरून कळते. 1847 मध्ये जर्मनीत कार्ल लुडविग यांनी कायमोग्राफ, म्हणजे शरीरातल्या हालचालींची रेघ उमटवणारे फिरते पिंप, प्रचारात आणले. आपल्या महाविद्यालयांतही अनेक पिढ्या त्यावरच शिकल्या. गुळगुळीत कागद पिंपावर ताणून चिकटवायचा, ज्योतीवर फिरवून त्यावर काजळी धरायची, बेडकाच्या पोटरीचा स्नायू मज्जातंतूसकट सोडवायचा आणि तरफेचे टोक काजळीला जेमतेम टेकवायचे. टोक जास्त दाबले तर घर्षणाने रेघ खुजी होते. कमी टेकवले तर ती मधेच तुटते. शेवटी कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायचा. ही मात्रा पुस्तकात सापडत नाही. शेजारी उभा राहून ‘सैल सोड, अजून सैल’ म्हणणारा शिक्षक लागतो. आता बेडूक गेला, पिंप गेले, संगणक आला. पण आलेख खरा कोणता आणि उपकरणाची लबाडी कोणती, हे ओळखण्याची नजर आजही अशीच, शेजारी उभे राहून द्यावी लागते.

शिक्षक एका जागी टिकला तर काय घडते, याचे पुरावेही आहेत. 1861 मध्ये ग्रँट कॉलेजात देशी भाषांतला वैद्यकवर्ग सुरू झाला. तिथल्या मराठी वर्गात शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन मुंबईतच राहिले आणि पाठ्यपुस्तकांची अडचण पाहून त्यांनी स्वतः मराठीत वैद्यकग्रंथ लिहिले. या वर्गातून दुय्यम दर्जाचे हॉस्पिटल असिस्टंटच तयार होत, असे कुणी म्हणेल. होत खरे. पुण्यात 1878 मध्ये निघालेली बी. जे. मेडिकल स्कूल हीही त्याच पायरीची संस्था. तिचे कॉलेज व्हायला 1946 उजाडले. पण तो दर्जा सरकारने ठरवलेला होता. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी काय केले, हे त्यावरून मोजता येत नाही. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सुबोधचंद्र महालनोबिस यांनी 1900 मध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला आणि ते सुमारे पाव शतक तिथेच ठाण मांडून राहिले. 1934 मध्ये भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञांची संघटनाही कोलकात्यातच स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातही दोन संस्थांनी हे ओळखले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की सगळे शिक्षक सरकारी सेवेत नसलेले, पात्र भारतीयच हवेत. त्यातून 1926 मध्ये परळला के.ई.एम. रुग्णालयासोबत कॉलेज उभे राहिले. ही अट राष्ट्राभिमानाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी होतीच. पण तिने सरकारी बदलीचेही मूळ उपटले. त्याआधी 1924 मध्ये पुणे जिल्ह्यातच लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. नौली आणि उड्डियान या योगक्रिया करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापक आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिकातून मांडले. ते डॉक्टर नव्हते. योगाविषयी त्यांना आस्था होती, म्हणून त्यांचे निष्कर्ष चिकित्सेने वाचावेत हे रास्तच आहे. तरी त्यांनी जागा धरली, आणि म्हणून त्यांचे काम पुढच्या माणसांच्या हाती गेले.

आज वाद वेगळ्याच प्रश्नावर रंगतो: शरीरक्रियाशास्त्र शिकवणारा एम.बी.बी.एस. असावा की एम.एस्सी., पीएच.डी. चालेल? पूर्वी या विभागात बिगर-डॉक्टर शिक्षकांना 30 टक्क्यांपर्यंत वाव होता; 2020 च्या नियमांनी तो 15 टक्क्यांवर आणला. रुग्ण पाहिलेला शिक्षक विषय जिवंत करतो, या युक्तिवादात तथ्य आहे. पण रुग्ण पाहिलेला माणूस दोन वर्षांत दुसऱ्या गावी जाणार असेल, तर त्याच्या अनुभवाचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला काय उपयोग? कायमच्या खुर्चीवर माणूस सुस्तावतो, हा दुसरा आक्षेपही खोटा नाही. मात्र सुस्तीवर कामाचे मूल्यमापन हा उपाय आहे. बदलीने सुस्त माणूस फक्त दुसऱ्या गावी जातो. राज्यात नवी सरकारी महाविद्यालये उघडताना जुन्या महाविद्यालयांतले शिक्षक तिकडे वर्ग केले जातात. विभाग कागदावर भरतो आणि मागे राहिलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध अर्ध्यावर लटकतो. कार्टरांच्या काळातला शिरस्ता नव्या नावाने चालूच आहे. शरीरक्रियाशास्त्रातली एम.डी. तीन वर्षांची असते. मार्गदर्शकाच्या हाताखालचा विद्यार्थी प्रबंध पुरा करेपर्यंत त्या मार्गदर्शकाची बदली करू नये, एवढा एक नियम सरकारने केला तरी पुष्कळ होईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे अनुदान लागत नाही.