चांदीचे नाव न घेणारा पारा

परभणी शहरातल्या पारदेश्वर मंदिरातले शिवलिंग पाषाणाचे नाही, पाऱ्याचे आहे. वजन सुमारे २५० किलो सांगितले जाते. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी इथे दर्शनाला गर्दी लोटते. नुसता पारा असा उभा राहत नाही. त्याला गोठायला शून्याच्या खाली जवळजवळ ३९ अंशांची थंडी लागते, आणि परभणीचे ऊन तर मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाते. म्हणून त्यात चांदीसारखा दुसरा धातू मुरवून त्याला घट्ट केलेले असते. या घट्ट करण्याला रसशास्त्रात ‘बंध’ म्हणतात. पारा किती जड, हे आकड्यात पाहिले की थक्क व्हायला होते. २५० किलो निव्वळ पारा जेमतेम साडेअठरा लिटर भरतो, म्हणजे लग्नघरी आणतात त्या पाण्याच्या एका जारमध्ये तो सहज मावेल.

मंदिराच्या नावात ‘पारद’ आहे. बाजारात, दवाखान्यात आणि वर्तमानपत्रात तोच ‘पारा’ होतो. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. इथल्या उर्दू जाणणाऱ्या घरांत ‘पारा’ चालतोच, पण शायरीत आणि हकिमांच्या नुस्ख्यांत ‘सीमाब’ हे नाव येते. नांदेड ओलांडून तेलंगणात उतरले की तो ‘पादरसम्’ झालेला असतो, आणि बिदरकडे वळले तर कन्नडमध्ये ‘पादरस’. ही नावे एका कुळातली नाहीत. जगभरात पाऱ्याला जी नावे पडली त्यांच्या तीन मोठ्या शाखा आहेत, आणि मराठवाड्याच्या या टापूत त्यातल्या दोन एकमेकींना भेटतात. तिन्हींपैकी दोन शाखांना चांदीचा फार मोह. तिसरी, म्हणजे आपली, चांदीचा उच्चारही करत नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून कोणी या धातूकडे कसे पाहिले ते कळते.

आधी ‘सीमाब’ घेऊ. फारसीत ‘सीम’ म्हणजे चांदी आणि ‘आब’ म्हणजे पाणी. हा ‘आब’ आपल्या रोजच्या ओळखीचा आहे, पंजाबातला आणि गुलाबातलाही. म्हणजे सीमाब हे ‘चांदीचे पाणी’. चिनी लोकांनीही नेमके हेच केले. त्यांचा ‘श्वेयिन’ म्हणजे पाणी आणि चांदी, आणि जपानी ‘सुइगिन’ त्याच दोन अक्षरांचा. ग्रीकांनी आधी ‘ओतीव चांदी’ म्हटले. ॲरिस्टॉटल आणि त्याचा शिष्य थिओफ्रास्टस यांच्या लेखनात ते नाव आहे. थिओफ्रास्टसने तर तांब्याच्या खलात तांब्याच्याच बत्त्याने पारा-गंधकाचा लाल हिंगूळ आणि व्हिनेगर घोटून पारा कसा काढतात तेही लिहून ठेवले. पुढे ग्रीकमध्ये ‘हायड्रार्गिरोस’ हे नाव रुळले, पुन्हा पाणी आणि चांदी. लॅटिनात त्याचे ‘हायड्रार्जिरम’ झाले आणि त्यावरून शाळेतल्या आवर्तसारणीत ८० क्रमांकाच्या घरात ‘एचजी’ ही अक्षरे बसली. यात एक गंमतीचा धागा आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी दोन पारे मानत असे. खाणीत आपोआप सापडतो तो अस्सल, आणि हिंगुळापासून काढतात तो बनावटी. ‘हायड्रार्जिरम’ हे त्याच्या लेखी बनावटी पाऱ्याचे नाव होते. आज साऱ्या जगाच्या रसायनशास्त्रात तेच चिन्ह होऊन बसले आहे.

अस्सल पाऱ्याला प्लिनी म्हणे ‘आर्जेंटम व्हिव्हम’, म्हणजे जिवंत चांदी. दुसरी शाखा इथून फुटते. इंग्रजीतला ‘क्विकसिल्व्हर’ हा शब्द याच नावाचा तर्जुमा. त्यातल्या ‘क्विक’चा जुना अर्थ जलद नव्हता, जिवंत असा होता. जर्मन ‘क्वेकझिल्बर’, डच ‘क्विकझिल्व्हर’, इटालियन ‘अर्जेंतो व्हिवो’ ही सगळी याच माळेतली. आता फारसीकडे परत यावे. तिथे सीमाबच्या जोडीला ‘जीवे’ असाही पाऱ्याचा शब्द आहे, आणि तो आजही इराणात रोजच्या वापरात आहे. हा ‘जीवे’ आणि आपला ‘जीव’ एकाच मूळ धातूपासून आलेले. लॅटिन ‘व्हिव्हम’ आणि इंग्रजी ‘क्विक’ हेही त्याच मुळाचे. जुन्या फारसीतला हा शब्द अरबांनी घेतला आणि त्याचे ‘झिबक’ केले. अरबांबरोबर तो स्पेनला पोहोचला आणि तिथे ‘असोगे’ झाला, पोर्तुगालात ‘अझोगे’. स्पेनमधली अल्मादेनची खाण ही जगातली पाऱ्याची सर्वांत मोठी खाण होती. तिचे नावही अरबीच, ‘अल् मादिन’, अर्थ ‘खाण’. स्लोव्हेनियातल्या इद्रियाच्या खाणीबरोबर अल्मादेनला २०१२ साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

संस्कृतची सख्खी भावंडे असलेल्या भाषांनी पाऱ्याला ‘जीव’ म्हटले. ज्या भाषेत ‘जीव’ हा शब्द अजून जसाच्या तसा धडधडीत नांदतो आहे, तिने मात्र पाऱ्यासाठी तो वापरला नाही.

मग संस्कृतने काय वापरले? अमरकोशात पाऱ्याची चार नावे एकत्र येतात: चपल, रस, सूत आणि पारद. ‘चपल’ सरळ आहे, हातात न ठरणारा तो चपळ. ‘रस’ला मात्र खोल अर्थ आहे. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ सांगतो की तो इतर सगळे धातू खाऊन टाकतो म्हणून त्याचे नाव रस. ही व्याख्या व्याकरणाला कितपत मान्य होईल ते बाजूला ठेवू, कारण धातुविद्येच्या दृष्टीने ती बरीच खरी आहे. पाऱ्याच्या थेंबाला सोन्याचा कण लागला की पारा तो गिळतो. आपल्याकडच्या झारेकऱ्यांचा सगळा धंदा या गुणावर चालत आला. सराफांच्या पेढीतली धूळ, शेगडीतली राख, सोनाराच्या चटईचा कचरा ते विकत घेत, धुऊन काढत आणि त्यात पारा फिरवत. पारा धुळीतले सोने टिपून घेई. मग तो तापवून उडवला की तळाशी सोने राही. हीच क्रिया उलटी केली की मुलामा होतो: सोने पाऱ्यात मुरवायचे, तांब्याच्या भांड्यावर वा मूर्तीवर ते माखायचे आणि आच द्यायची. पारा उडून जातो, सोने चिकटून राहते. लोखंड मात्र पाऱ्याला दाद देत नाही. म्हणूनच पारा शतकानुशतके लोखंडी बुधल्यांतून विकला गेला, आणि व्यापारात त्याचे माप आजही साडेचौतीस किलोंचा एक बुधला असेच धरतात.

मल्याळम भाषेत पाऱ्याला आजही नुसते ‘रसम्’ म्हणतात. सिंहलीत ‘रसदिय’ म्हणतात, त्यातला ‘दिय’ म्हणजे पाणी. पाणी इथेही आले, पण चांदी नाही. कन्नड-तेलुगूतले ‘पादरस’ हे ‘पारद’ आणि ‘रस’ जोडून झाले असावे, असे मला वाटते. ‘पाद’ म्हणजे पाय हा अर्थ त्याला नंतर चिकटला असेल.

राहिला ‘पारद’. त्याची सर्वांत लाडकी व्युत्पत्ती शैव रसवाद्यांनी दिली: पार देणारा, म्हणजे भवसागराच्या पैलतीरी पोहोचवणारा. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात माधवाचार्यांनी भारतीय दर्शनांची ओळख करून दिली, त्यात ‘रसेश्वरदर्शन’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. शरीर टिकले तरच मुक्तीची साधना घडेल आणि शरीर टिकवेल तो पारा, असा त्या पंथाचा विचार. पारा हा शिवाचा अंश आणि गंधक पार्वतीचा, ही कल्पना त्याच घरातली. युरोपातल्या किमयागारांनी पाऱ्याला बुध ग्रहाशी जोडून ‘मर्क्युरी’ हे त्या ग्रहाचेच नाव दिले. आपल्याकडे तो शिवाच्या घरी गेला. परभणीच्या देवाला ‘मृत्युंजय पारदेश्वर’ही म्हणतात. ‘मृत्युंजय’ आणि ‘पारद’ हे दोन शब्द शेजारी कसे आले, याचे उत्तर या जुन्या विचारात सापडते.

पण शब्दाच्या कुळाचा शोध म्हणून पाहिले तर ही व्युत्पत्ती मला मागाहून रचलेली वाटते. पारद हा शब्द या पंथापेक्षा बराच जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पारद औषध म्हणून येतो, आणि तिथे मोक्षाचा विषय नाही, पौष्टिक योगाचा आहे. दुसरा धागा असा की महाभारतात आणि मनुस्मृतीत शक, यवन, पह्लव यांच्या बरोबरीने वायव्येकडच्या ‘पारद’ नावाच्या लोकांचा उल्लेख येतो. धातूला हे नाव त्या लोकांवरून, त्यांच्या मुलखातून आला म्हणून पडले असावे, असे काही अभ्यासक मानतात. पुरावा पक्का नाही. तरी मला ही वाट अधिक संभवनीय दिसते, कारण आपल्याकडे पाऱ्याच्या नाव घेण्याजोग्या खाणी नाहीत. हिंगूळ आणि पारा हे आपल्याला नेहमी बाहेरूनच आले. बाहेरून येणाऱ्या मालाला गावाचे वा माणसांचे नाव चिकटते, ही आपल्या बाजाराची जुनी रीत. चीनहून आलेल्या मातीला आपण चिनी माती म्हणतोच.

पोर्तुगीजांच्या काळात लिस्बनहून गोव्याकडे निघणाऱ्या जहाजांवर तांबे, पोवळी आणि पारा हा मुख्य माल असे. त्यांच्याकडून मराठीने बटाटा घेतला, पाव घेतला, कोबी घेतला. ‘अझोगे’ हा शब्द मात्र बंदरावरच राहिला. देशावर ‘पारा’ आधीपासून इतका मुरलेला होता की त्याला जागाच मिळाली नाही.

पारा घरात शिरला तो अनेक रूपांनी. पोथ्यांतल्या दंडांना आणि अध्यायाच्या समाप्तीला लाल रंग असे, तो पुष्कळदा हिंगुळाचा, म्हणजे पारा आणि गंधकाचा. जुन्या आरशांच्या पाठीला कथील आणि पारा यांचा लेप असे. पुढे चांदीचा लेप देण्याची युक्ती निघाली, तरी आरसा खराब झाला की आपण अजूनही ‘पारा उडाला’ असेच म्हणतो. दाताच्या दवाखान्यात याच्या बरोबर उलटे झाले. दाढेत ‘चांदी भरली’ असे लोक सांगत, पण त्या मिश्रणात जवळपास निम्मा पाराच असे. मराठीत पाऱ्याला चांदीचे नाव मिळाले ते फक्त इथे.

ज्वारी-गहू साठवायच्या कोठीत किडीसाठी पारद टिकड्या ठेवण्याची चाल अनेक घरांत अजून आहे. ती सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास येत नाही, आणि ती मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडांवर आघात करते. खायच्या धान्यात तिला थारा नको. जपानमधल्या मिनामाटा गावी कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा समुद्रात गेला, माशांत साठला आणि माशांतून माणसांत आला. १९५६ साली ही व्याधी अधिकृतपणे नोंदली गेली. त्या गावाच्या नावाने २०१३ साली पाऱ्याचा वापर आवरण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. प्रयोगशाळेत पारा सांडला की त्यावर गंधकाची पूड टाकतात, म्हणजे तो बांधला जातो. रसवैद्य खलात पारा आणि गंधक घोटून काळी कज्जली करतात, तीही मुळात हीच क्रिया.

आता तापमापीतूनही पारा हळूहळू जातो आहे, पण भाषेतून तो हलायला तयार नाही. परभणीत तर तो हिवाळाभर रोज छापून येतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात हवामानाच्या नोंदी होतात, आणि राज्यातल्या कडाक्याच्या थंडीच्या बातमीत परभणीचे नाव हमखास असते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथे २ अंशांपर्यंत तापमान उतरले तेव्हा ‘परभणीचा पारा घसरला’ हीच भाषा सर्वत्र होती. खरे पाहता हवामान केंद्राच्या पारंपरिक पेटीत पारा असतो तो कमाल तापमापीत, उन्हाची नोंद करणाऱ्या. किमान तापमान मोजणाऱ्या नळीत मद्यार्क असतो आणि त्यात एक बारीक कांडी. थंडीने मद्यार्क आक्रसला की तो कांडीला मागे ओढून नेतो, आणि सकाळी ऊब आली तरी कांडी तिथेच थांबते. म्हणजे थंडीच्या बातमीतला ‘पारा’ धातू राहिलेला नाही. त्याचा अर्थच ‘तापमान’ असा झाला आहे. माणसाचा पारा चढतो तेव्हा तर कसलीच नळी लागत नाही.

हेच स्थित्यंतर आणखी एका भाषेत झाले आहे. संस्कृतातला पारद आग्नेय आशियात गेला आणि थाई भाषेत ‘परोत’ झाला. बँकॉकच्या दवाखान्यात आज ‘परोत’ मागितला तर परिचारिका तापमापी आणून देते.