पहिली एटीव्ही घेताना तीन चाकांची आठवण

गेल्या महिन्यात जावळीहून फोन आला. माझ्याच हाताखाली एमटीत गाडी शिकलेला गडी, आता हवालदारकीची पेन्शन घेऊन गावी स्थिरावलाय. "उस्ताद, एटीव्ही घ्यायची म्हणतोय. डोंगरातल्या वाटा फिरायला, अन् पोरालाही शिकवायला. एका रिसॉर्टवाल्याकडं जुनी आहे, 570 सीसी. आपण वर चालवायचो तसलीच. भाव बरा सांगतोय. घेऊन टाकू का?"

'वर' म्हणजे लडाखला. आमच्यातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

मी विचारलं, पोरगा केवढा आहे?

"जूनमध्ये तेरा पूर्ण झाली."

मी म्हटलं, बयाणा देऊ नको, मी रात्री फोन करतो. रात्री तासभर बोललो. निवृत्त झालेल्या आणखी दोघातिघांनी हाच प्रश्न विचारलाय, म्हणून ते सगळं इथं सविस्तर लिहितो. या यंत्राची गोष्ट पहिल्यापासून ऐकली, तर कुठलं घ्यावं याचं बरंचसं उत्तर त्यातच सापडतं.

गोष्ट सुरू होते ती सैन्यात नव्हे, दुकानात. 1960च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांची एक अडचण होती. बर्फ पडलं की मोटरसायकल कुणी घेत नाही, आणि दुकान रिकामं. त्यांनी जपानला कळवलं की हिवाळ्यातही विकता येईल असं काहीतरी द्या. काम ओसामू ताकेउची या इंजिनिअरकडं आलं. त्यानं मोटरसायकलचे सुटे भाग जोडून दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतचे सांगाडे करून पाहिले. बर्फात, चिखलात, वाळूत जुळवून आणायला तीन चाकं त्याला बरी वाटली. पण खरी किल्ली चाकांच्या संख्येत नव्हती, टायरात होती. त्या काळी अँफिकॅट नावाची एक छोटी सहाचाकी गाडी होती, पाण्यातही चालायची. तिचे फुगीर, मऊ टायर पाहून होंडानं आपले टायर बनवले. त्यात हवा किती? दोन पौंडांच्या आसपास. जीपच्या टायरात आपण पंचवीस-तीस पौंड भरतो, त्यावरून अंदाज करा. वजन एवढं पसरतं की चाक वाळूत रुततच नाही.

1970 साली ही गाडी बाजारात आली. सुरुवातीचं नाव यूएस 90, नंतरचं एटीसी 90. इंजिन 89 सीसीचं, ताकद सात हॉर्सपॉवर, किंमत 595 डॉलर. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, जे काय उसळणं ते टायरानंच झेलायचं. 1971च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या बाँडपटात शॉन कॉनरी ही तीनचाकी पळवताना दिसतो. जाहिरातीसाठी याहून जास्त काय पाहिजे!

पुढची दहा-बारा वर्षं तीनचाकीची चलती होती. 1982 साली होंडानं 'बिग रेड' काढली, सामान लादायला कॅरिअर असलेली, आणि शेतकऱ्यांनी ती उचलली. कुंपण तपासायला, चारा न्यायला, गुरांमागं फिरायला ती सोयीची होती. इथवर सगळं ठीक. पण त्याच सुमारास इंजिनं मोठी होत गेली, शर्यतीच्या गाड्या आल्या, आणि घराघरांत ती पोरांच्या हाती पडली. दिसायला खेळणं. तीन चाकं, म्हणजे स्टँड नको, तोल नको, पडायचा प्रश्नच नाही!

इथं एमटीतल्या माणसानं जरा थांबून बघायला हवं. या गाडीची मागची दोन चाकं एकाच घट्ट अ‍ॅक्सलवर असतात, मध्ये डिफरन्शियल नसतो. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त, पण दोन्ही फिरतात सारखीच. म्हणून गाडी सरळच जाऊ बघते. ती वळवायची तर बाहेरच्या फूटरेस्टवर भार देऊन, अंग आत कलवून आतलं चाक हलकं करावं लागतं. मोटरसायकलवाल्याला हे जमत नाही. त्याचा पाय सवयीनं आतल्या बाजूला जमिनीवर येतो, आणि मागचं रुंद चाक त्याच पायावर चढतं. चढावर थ्रॉटल जास्त पिळला तर पुढचं एकुलतं चाक हवेत जाऊन गाडी मागं उलटते, स्वाराच्या अंगावर. म्हणजे जी गाडी सगळ्यात सोपी दिसत होती ती चालवायला सगळ्यात जास्त शिक्षण लागत होतं, आणि शिक्षण तर कुणी घेतच नव्हतं.

मग व्हायचं तेच झालं. शेकडो माणसं गेली, आणि त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांचा वाटा फार मोठा होता. प्रकरण अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडं आणि तिथून कोर्टात गेलं. 1988 साली होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाच कंपन्यांशी दहा वर्षांचा समझोता झाला. नवीन तीनचाकी विकायची नाही. नवीन गाडी घेणाऱ्याला मोफत प्रशिक्षण द्यायचं. आणि 90 सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलासाठी म्हणून विकायची नाही. 2008 साली तर अमेरिकेनं नवीन तीनचाकीवर कायद्यानंच बंदी घातली.

चारचाकी तोवर आलेली होती. सुझुकीनं 1983च्या सुमारास क्वाडरनर एलटी 125 काढली. अगदी छोटी, 125 सीसीची, नवशिक्यासाठीच केलेली. आज कुणी पहिली गाडी विचारली की सगळे सीसी वाढवत बसतात, आणि पहिली चारचाकी कुणासाठी होती हे कुणाला आठवत नाही. 1985 साली मिनेसोटातल्या पोलारिसनं आपली पहिली एटीव्ही काढली. ही कंपनी मूळची बर्फावरच्या स्कूटर बनवणारी, म्हणजे तिला उन्हाळ्यात विकायला काहीतरी हवं होतं. होंडाला हिवाळ्याची चिंता, यांना उन्हाळ्याची, आणि दोघं एकाच यंत्राशी येऊन भेटले. पुढच्याच वर्षी होंडाची चारही चाकांना ताकद देणारी टीआरएक्स 350 आली, आणि आज आपण जिला एटीव्ही म्हणतो तिचं रूप ठरून गेलं.

चार चाकं आली म्हणजे धोका संपला, असं मात्र नाही. हे मी स्वतःच्या गळपट्टीच्या हाडावर शिकलोय.

जागा सांगत नाही. उतार आडवा कापत चाललो होतो, डोंगर उजव्या हाताला, दरी डाव्या. गाडी तीनशे किलोच्या पुढची, मागं कॅरिअरवर जेरिकॅन बांधलेले, म्हणजे वजन आणखी उंच गेलेलं. वीस वर्षं मोटरसायकल चालवलेला माणूस मी. आडव्या उतारावर मोटरसायकल स्वतः सरळ उभी राहते, आपण तिच्याबरोबर बसून राहायचं. एटीव्ही उताराबरोबर कलते, तेव्हा आपलं अंग डोंगराकडं, म्हणजे वरच्या बाजूला झुकवायला पाहिजे. मला ते पाठ होतं, पोरांना मीच शिकवत होतो. तरी वरचं चाक दगडावर चढलं त्या क्षणी मी बसल्या जागी ताठ राहिलो. गाडी हळूच, अगदी सावकाश उलटली. मी बाजूला फेकला गेलो म्हणून हाडावर भागलं. खाली सापडलो असतो तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, आणि जरा वेगळा. चूक माझी होती, गाडीची नाही.

आता पोरगा तेरा वर्षांचा. वजन चाळीस किलो धरा. त्या तीनशे किलोला तो अंग झुकवून काय सावरणार?

"पण उस्ताद, फौजेनं तसलीच घेतलीय ना?" हा त्याचा पुढचा प्रश्न. रास्त आहे. 2025च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात कर्तव्य पथावर 'चेतक' नावाची एटीव्ही सगळ्यांनी पाहिली. (नावाची गंमत बघा. राणा प्रतापांचा घोडा तो एकच, पण आपल्याकडं आकुर्डीची चेतक स्कूटर झाली, हवेत चेतक हेलिकॉप्टर झालं, आणि आता ही.) पण फौजेनं ती का घेतली हे बघितल्याशिवाय तिची नक्कल करू नये.

उंचीवर हवा विरळ. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. पाच हजारांवर जवळजवळ निम्मा. साध्या इंजिनाला हवाच मिळत नाही, तेव्हा ताकदही त्याच मापानं घटते. खाली जी गाडी चाळीस हॉर्सपॉवरची, ती वर पंचवीसचीही उरत नाही. त्यावर शस्त्रं घातलेला जवान, पाणी, रेशन, वायरलेस. म्हणून मोठं इंजिन, म्हणून चारही चाकांना ताकद, म्हणून पुढं विंच. शिवाय चालवणारा प्रशिक्षित, मागं वर्कशॉप, आणि एकटी गाडी कधी बाहेर पडत नाही. फौजेपुढचा प्रश्नच वेगळा होता, त्याचं उत्तर जावळीला कसं चालेल? महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथं इंजिनाचा श्वास कोंडत नाही. तिथं अडचण आहे लाल मातीची, पावसाळ्यातल्या निसरड्या कातळाची आणि अरुंद पायवाटेची. या तिन्ही ठिकाणी हलकी गाडी बरी. रुतली तर दोन माणसं उचलून बाहेर काढतात.

मी त्याला स्वतःसाठी अडीचशे-तीनशे सीसीच्या आसपासची, हलकी, मागच्या चाकांना ताकद असलेली बघायला सांगितलं. गिअर बेल्टचे स्वयंचलित असोत किंवा पायाचे, पण उतारावर थ्रॉटल सोडल्यावर इंजिन गाडीला धरून ठेवतं का, हे घाटात एकदा उतरूनच बघायचं. जुनी घेताना चेसिसचं वेल्डिंग, बेअरिंगची खडखड आणि बेल्टच्या पेटीत पाणी शिरल्याच्या खुणा तपासायच्या. रिसॉर्टची गाडी दिवसाला वीस जणांनी हाणलेली असते. मीटरवरचा आकडा खरा असला तरी ते किलोमीटर कुणी चालवलेत हे मीटर सांगत नाही. टायरला छोट्या मापाचा गेज घ्यायचा, कारण पेट्रोलपंपावरच्या गेजवर पाच पौंड नीट दिसतच नाहीत आणि पंपवाला सवयीनं तीस भरून मोकळा होतो. तसा टायर मग चेंडूसारखा उडतो.

आणखी एक. आपल्याकडं बहुतेक एटीव्ही रस्त्याच्या नोंदणीशिवायच विकल्या जातात, त्या सार्वजनिक रस्त्यावर आणायच्या नाहीत. शिवाय जावळीत कोयना अभयारण्य लागून आहे. तिथं 'लहानपणापासूनची आमचीच वाट' हे वनखात्याला सांगून चालत नाही. स्वतःच्या रानात आणि परवानगीच्या वाटेवरच फिरायचं. हे त्याला आवडलं नाही. पण तो फौजी आहे, हद्द म्हणजे काय ते त्याला कळतं.

राहिला पोरगा. अमेरिकेत आता सीसीऐवजी गाडीच्या कमाल वेगावरून वयाचे गट पाडतात. तेरा वर्षांच्या मुलाच्या गटात गाडी तासाला 30 मैलांच्या, म्हणजे साधारण 48 किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही, आणि सुरुवातीला तीही निम्म्यावर बांधून ठेवता येते. वेगळी छोटी गाडी, हेल्मेट, बूट, आणि बापाच्या मागं कधीच बसवायचं नाही. एका माणसाच्या सीटवर दुसरा बसला की पुढच्याला अंग हलवायला जागा राहत नाही, आणि या गाडीवर अंग हलवणं हाच अर्धा ब्रेक आहे.

"एवढं करून दोन गाड्या घ्यायच्या? उस्ताद, पेन्शनर आहे मी." पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "बरं, पोराला माप लागतं का काही?"

लागतं. फूटरेस्टवर उभा राहिला की सीट आणि पँट यांच्यात निदान तीन इंच अंतर पाहिजे. बसल्यावर मांड्या साधारण आडव्या. हँडल पूर्ण वळवलं तरी दोन्ही मुठी हातात राहिल्या पाहिजेत, आणि बोटं ब्रेकच्या लिव्हरवर सहज पोचली पाहिजेत.

परवा त्यानं फोटो पाठवला. रिसॉर्टच्या त्याच 570वर पोरगा उभा, बाप बाजूला शिंप्याची टेप धरून. सीट पँटला टेकलेली, हँडल वळवलेलं, आणि पोराची उजवी मूठ सुटून हवेत. खाली एकच ओळ होती: "नाही घेतली, उस्ताद. छोटी कुठं मिळेल?"