मध्य सोडण्याची खेळी

महाडाहून पोलादपूर गांठावें आणि आंबेनळी घाटानें महाबळेश्वराकडे चढूं लागावें, म्हणजे प्रतापगडाचा डोंगर दृष्टीस पडतो. तो पाहतांना बुद्धिबळांतील एक तिखट डाव मला आठवतो.

ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्ड यांनीं तो १९२२ सालीं प्रचारांत आणला आणि त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें अलेखिनसारख्या खेळाडूस त्यायोगें हरविलें. परंतु १८५५ सालींच कलकत्त्यास महेशचंद्र बंदोपाध्याय हे जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराशीं याच धर्तीवर खेळले होते. आपल्या देशी खेळांत प्यादें बहुधा पहिल्या खेळीसही एकच घर चाले. त्या संवयीची छाया या मांडणींत दिसते.

कल्पना अशी : काळा खेळाडू पांढऱ्यास पटाच्या मध्यभागीं प्यादीं उभारूं देतो. नवशिक्यास ही शरणागतीच वाटते. पण राजाकडील घोड्यासमोरचें प्यादें एक घर सारून त्या जागीं बसविलेला उंट तिरप्या रेषेनें मध्यावर नेम धरून असतो. मग वजिराकडील उंटासमोरचें प्यादें दोन घरें धांवतें, घोडा साह्यास येतो, आणि ज्या प्याद्यांचा पांढऱ्यास अभिमान, त्यांच्याच रक्षणांत त्याचे मोहरे गुंततात. मात्र येथें एका खेळीचा उशीर झाला, तरी तींच प्यादीं पुढें सरकून काळ्यास चिरडतात.

१६५९ सालीं अफजलखान वाईस येऊन बसला. सपाटीवर बळ त्याचें होतें. महाराजांनीं तेथें झुंज दिली नाहीं. भय भासवून त्याला जावळींत येऊं दिलें. तोंवर मुलखानें पुष्कळ सोसलें. परंतु जावळी १६५६ पासून स्वराज्यांत होती, प्रतापगड बांधलेला होता, रानांत मावळे दबा धरून होते. तोच कोपऱ्यांतला उंट! १० नोव्हेंबरला खान पडला, आणि अठरा दिवसांत, २८ तारखेस, पन्हाळा हातीं आला. उशीर कसला तो झाला नाहीं.

उपमा येथें थांबते. पटावर प्रतिपक्षास प्रत्येक मोहरा दिसतो. जावळींत रान सारें झांकीत होतें. शिवाय मारलें गेलेलें प्यादें पुढच्या डावास पुन्हा उभें राहतें, माणूस राहत नाहीं. म्हणून हा डाव शिकतांना खेळ्या पाठ करण्याआधीं स्वतःस एवढेंच विचारावें : जें देत आहों, तें परत घेण्याची वाट आपण आधीं बांधली आहे काय?